परक्या आतड्याचा ठोका

सकाळी पोटावरची पिशवी बदलायची, हे टेलरबाईंचं आठ महिन्यांचं नेमाचं काम. कुणा मेलेल्या माणसाचं आतडं त्यांच्या पोटात बसवलं होतं. त्याचं गुलाबी टोक बेंबीशेजारी बाहेर काढलं होतं, म्हणजे डॉक्टरीणबाईंना तिथून नळी घालून आत बघता यावं, तपासायला तुकडा घेता यावा. आज ते टोक फिकं दिसलं. बाईंनी बोट टेकवलं, दुसऱ्या हाताने आपली नाडी धरली. नाडी धावत होती. आतडं मात्र... सावकाश, थांबून थांबून, बंद दारावर कुणी थाप मारावी तसे ठोके देत होतं.

"वहिनी, मनाचे खेळ गं," नणंद म्हणाली खरी. मग तिने स्वतः बोट लावून पाहिलं आणि बाईंना थेट दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाईंनी आडपडदा ठेवला नाही. "मागच्या तुकड्यात दिसलं. आतड्याच्या रक्तवाहिन्या आतून जाड होतायत, रक्ताला वाट उरत नाहीये. हे सहसा मागे फिरत नाही. सोमवारीही असंच असलं, तर आतडं काढावं लागेल."

"मग मी जेवायचं कसं?"

"पुन्हा सलाईन. अन्न शिरेतूनच."

चार वर्षं बाई सलाईनवर जगल्या होत्या, दुसऱ्यांची ताटं बघत. त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरी आल्यावर भरदुपारी त्यांनी शिलाईचं मशीन थांबवलं आणि पोटावर बोट ठेवलं. खोलीत कुठूनसा औषधाचा उग्र वास दाटला.

"ऐक," त्या दबक्या आवाजात म्हणाल्या, "तुझे उपकार जन्मात फिटायचे नाहीत. पण दिलंस ना? मग आता दारं लावून बसायचं नाही. मला भूक लागते. मी सोडणार नाही तुला..."

ठोका थांबला. बाईंनी बोट हलवलं नाही. वीस मोजून झाले. मग बोटाखाली एकच जोराचा ठोका पडला, आणि पुढचे नाडीच्या बरोबरीने.

सोमवारी डॉक्टरीणबाई पडद्याकडे बघतच राहिल्या. "कमाल आहे... रंग परत आलाय! तुकडा घेते हं. दुखणार नाही, याचे मज्जातंतू तुमच्याशी जोडलेलेच नाहीत."

चिमटा आत बसला. बाईंना खरंच काही कळलं नाही. पण त्यांच्याच तोंडून, घोगऱ्या पुरुषी आवाजात शब्द निघाला, "हळू..."

"झालंच हं, काका," पडद्यावरची नजर न काढता डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि मग त्यांचा हात जागीच थिजला.

बाईंनी ओठ पुसले.

"त्याचे लाड नकोत," त्या स्वतःच्या आवाजात म्हणाल्या. "घ्या तुकडा. मला घरी जाऊन जेवायचंय."