बाबांच्या नावाचा फोल्डर

गाडीच्या रेडिएटरला पाणी मागायला म्हणून तो ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातल्या तनामी रस्त्यावरच्या वस्तीत, भाषा केंद्राच्या दारात उभा राहिला... आणि तिथे काम करणाऱ्या लिओनीने त्याला थेट कॉम्प्युटरसमोर नेऊन बसवलं.

"शाळेचे कॉम्प्युटर तूच दुरुस्त करतोस ना? मग हाही बघ. आधी."

"आणि पाणी नंतर?" तो हसला. "तुला हाक काय मारायची?"

"नुंगराई."

"मी जंगाला," तो म्हणाला, आणि लिओनीने नजर कॉम्प्युटरकडे वळवली. वार्लपिरी आदिवासींमध्ये प्रत्येकाला जन्मतःच एक कुळनाव मिळतं, आणि जंगालाची बायको नुंगराईच असायची, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. कोपऱ्यात बसलेल्या लिओनीच्या आत्याने तर लगेच भुवया उडवल्या.

आत्या बोलत नव्हती. घशाच्या ऑपरेशनमध्ये तिचा आवाज गेला होता. उरली होती ती वार्लपिरी बायकांची खुणांची, हातांची भाषा. तिच्या गोष्टी मात्र लिओनीच्या बाबांनी वेळीच रेकॉर्ड करून ठेवल्या होत्या. त्या एकाच प्रोग्राममध्ये उघडत, आणि नेमका तोच बंद पडला होता. आत्याचा आवाज जगात दुसरीकडे कुठेच नव्हता.

"काय केलंस याला?"

"काही नाही... गोष्टी नव्या फोल्डरमध्ये हलवल्या. जुना पुसून टाकला."

"तरीच! बिऱ्हाड हललं, पण हा अजून जुन्या पत्त्यावरच गोष्टी शोधतोय. काय नाव होतं जुन्याचं?"

तिने मान खाली घातली. बाबांना जाऊन वर्षही झालं नव्हतं. गेलेल्या माणसाचं नाव उच्चारायचं नाही, लिहिलेलं डोळ्यांसमोर ठेवायचं नाही, अशी रीत. आणि फोल्डरला बाबांचंच नाव होतं.

"मला... सांगता नाही येणार."

जंगाला शहरात वाढलेला; आता हसेल, नाहीतर खोदून खोदून विचारेल, असं तिला वाटलं. पण त्याने पडदा हळूच स्वतःकडे वळवला, तिला दिसणार नाही असा. सेटिंगच्या फाइलमधला जुना पत्ता मनातल्या मनात वाचला आणि एकेका ओळीत नवा लिहीत गेला. त्या नावातलं एक अक्षरही त्याने ओठांवर येऊ दिलं नाही.

लिओनी त्याच्या बोटांकडे बघत राहिली. बाबा गेल्यापासून तिचं दुःख इतक्या हळुवारपणे कुणी सांभाळलं नव्हतं. तिचा जीव जडला... अगदी तिथल्या तिथे.

"आता बघ."

स्पीकर खरखरला आणि आत्या बोलू लागली. वाळूत बोटाने रेघा ओढत सांगायची तशीच, ठसक्यात. खुर्चीतल्या आत्याने तोंडावर हात ठेवला. तिच्या डोळ्यांना धार लागली होती. गोष्ट संपेपर्यंत कुणी जागचं हललं नाही.

मग आत्याने डोळे पुसले आणि जंगालाकडे बघत हात भराभर हलवले.

"काय म्हणतात त्या?"

"विचारतेय..." लिओनीने नजर पडद्यावर खिळवली. "विचारतेय, तू परत कधी येणार?"

आत्या आवाजाशिवाय हसत सुटली, खांदे गदगदा हलवत.

"खरंच असं म्हणाल्या?"

"नाही." लिओनीने पहिल्यांदाच त्याच्या डोळ्यांत पाहिलं. "आत्याने चहाचं विचारलंय. परत कधी येणार, ते... मी विचारतेय."

"परत यायला आधी जावं लागतं," तो हळूच म्हणाला, आणि खुर्ची ओढून आत्याशेजारी बसला.