अपेक्षित ओळ

लिफ्टचं दार मिटता मिटता कुणीतरी मध्ये हात घातला, आणि त्या हातातला कॉफीचा कप थेट तिच्या फायलीवर कलंडला.

"सॉरी... मी नवीन. तिसऱ्या मजल्यावर, प्रोग्रॅमर."

"मग माझ्याच तावडीत सापडलात," फाईल झटकत ती म्हणाली. "मी टेस्टर."

ऑफिसात सगळे तिला मास्तरीणबाई म्हणत. प्रोग्रॅम पडद्यावर जे छापायला जाई ते ती वाटेतच अडवायची, एका स्ट्रिंगमध्ये, म्हणजे अक्षरांच्या माळेत, साठवायची आणि अपेक्षित ओळीशी अक्षरन् अक्षर ताडून बघायची. जुळलं तर पडद्यावर हिरवा दिवा, नाही तर लाल.

"एका टिंबासाठी लाल?" पहिल्याच आठवड्यात तो कुरकुरला. "अपेक्षित ओळच बदला ना जरा—"

"उत्तर चुकलं म्हणून कुणी प्रश्नपत्रिका बदलत नाही, महाशय. कोड सुधारा."

तो सुधारायचा. पुढे पुढे मुद्दाम एखादं टिंब चुकवायचाही... हे तिच्या नजरेतून सुटलं नव्हतं. तिनं बोलून दाखवलं नाही, इतकंच.

तीन महिने हां हां म्हणता सरले. आणि कळलं, सोमवारपासून त्याची बदली दुसऱ्या शहरात. शुक्रवारी त्यानं शेवटचं काम पाठवलं. तिनं चाचणी लावली. लाल!

अपेक्षित: काम पूर्ण झाले.
मिळालेले: आज तिने केस मोकळे सोडलेत. सांगू... की तसाच जाऊ? काम पूर्ण झाले.

कोड कुठवर पोचला ते कळावं म्हणून प्रोग्रॅमर मध्ये मध्ये काहीबाही छापतात आणि काम झालं की काढून टाकतात. हा काढायला विसरला होता. पडद्यावर ओळ भुर्रकन सरकून गेली असती; स्ट्रिंगमध्ये ती जशीच्या तशी सापडली.

"इकडे या," तिनं हाक मारली.

त्यानं वाचलं. कानाच्या पाळ्या तापल्या. "अहो, ते... काढतो, लगेच काढतो—"

"हात लावू नका! विसरलात, की नेहमीसारखं मुद्दाम?"

"या वेळी... खरंच विसरलो."

तिनं कीबोर्ड ओढला, अपेक्षित ओळ खोडली आणि तिथे त्याचीच वाक्यं लिहिली, टिंबांसकट. बटण दाबलं. हिरवा.

तो बघतच राहिला. "प्रश्नपत्रिका बदललीत?"

"जन्मात एकदाच. लेखी पास. आता तोंडी."

"पण माझी बदली—"

"दर शनिवारी सकाळी सातला गाडी आहे. वेळापत्रक कालच बघून ठेवलंय मी." तिनं केस कानामागे सारले. "सांगा."

त्यानं सांगितलं. एकही टिंब न चुकवता.