दहावं नाव

ज्यांना ही गोष्ट खोटी वाटेल त्यांनी भुईगावला जाऊन सेबॅस्टियन मामांना विचारावं. ते यावर फारसं बोलत नाहीत, पण घडलंच नाही असंही म्हणत नाहीत.

२००१ सालचा मे महिना. रविवार, दुपारचे साडेचार. लख्ख ऊन होतं. अंधारात भलतंच काही दिसलं, असं म्हणायचीही सोय नाही.

आमच्या पट्ट्यात तेव्हा रविवारची हॉकी लीग चालायची. एकेकाळी चौदा टीम होत्या. पोरं क्रिकेटकडे वळली, मोठी नोकरीत अडकली, उरल्या चार. मामा त्या लीगचे सेक्रेटरी, पंच आणि हमालसुद्धा! चुन्याच्या रेषा तेच मारणार, गोलपोस्टला जुनी जाळी तेच बांधणार, घरोघर खेळाडूंच्या मिनतवाऱ्या तेच करणार. गुडघे कामातून गेले होते. रिटा मामी रोज म्हणायच्या, "सोडा आता. पुरे झाली ती लीग!"

मामांना सोडायचीच होती. फक्त तेवढा मोसम धड पार पाडायचा होता. लीग आपल्या हातून मेली, असं कुणी म्हणायला नको.

आणि त्या दिवशी अर्नाळ्याविरुद्ध भुईगावचे नऊच आले.

अकरांपैकी किमान दहा नसले तर सामना गेला, हा नियम. अर्नाळ्याचा कॅप्टन पांडू आधीच वैतागलेला. "मामा, परत फुकट आनलंत तर आमी नाय येनार हां."

म्हणजे लीग तिथेच संपली असती.

मामांनी यादी मांडीवर घेतली. नऊ नावं लिहिली. मग दमलेल्या हाताने दहावं लिहिलं...

लेफ्ट बॅक, फ्रान्सिस.

भुईगावची डावी बाजू नेहमी राखणारा फ्रान्सिस फेब्रुवारीत काविळीने गेला होता. मामांनीच त्याच्या पेटीला खांदा दिला होता. आमच्याकडे गेलेल्याच्या नावाने चर्चमध्ये मिस्सा सांगतात. सामना नाही.

पांडूने यादी घेतली. मैदानावर नजर फिरवत मोजलं.

"दहा. बरोबर."

बिचाऱ्याने सांभाळून घेतलं, असं मामांना वाटलं.

शिट्टी वाजली. पाचव्या मिनिटाला चेंडू भुईगावच्या मोकळ्या डाव्या कोपऱ्यात गेला. तिथे कुणीच नव्हतं...

टक्.

लाकडाचा आवाज. चेंडू परत फिरला.

दगड असेल म्हणून मामांनी जाऊन पाहिलं. जमीन सपाट.

पुन्हा गेला. पुन्हा... टक्.

तिसऱ्यांदा अर्नाळ्याचा फॉरवर्ड तिथे पोचला आणि वळसा घालून गेला. कुणाला? त्या मोकळ्या जागेला!

मामांनी शिट्टी तोंडाशी नेली. पण शिट्टी वाजवून सांगणार काय आणि कुणाला? सामना बरोबरीत सुटला.

यादीवर सही करताना पांडू घाम पुसत म्हणाला, "तुमचा लेफ्ट बॅक लय भारी हाय, मामा. पन कोनाशी बोलत का नाय?"



पुढच्या रविवारी अकराच्या अकरा आले. मामांनी फ्रान्सिसचं नाव गाळलं. त्या जागी त्यांचा मुलगा ग्लेन उभा राहिला. दहाव्या मिनिटाला तो हात धरून बाहेर आला. मनगटावर स्टिकचा लाल वळ. जवळपास कुणीही नव्हतं.

"पप्पा, कोनतरी बोललं... जागा सोड."

तेव्हापासून मामा ते नाव लिहीत गेले. लीग सोडायची भाषाच बंद. गुडघ्यांना पट्टे बांधून तीन वर्षं रेटली. शेवटी २००४ मध्ये समोर टीमच उरली नाही, तेव्हा ती आपोआप बंद पडली.

लीग बंद पडल्यानंतरच्या पहिल्याच रविवारी मामा दुपारी प्रथमच आडवे झाले.

साडेचार वाजले. ओट्यावरून काहीतरी घासत आलं... फरशीवरून लाकूड ओढल्यासारखं. दाराशी थांबलं.

मामींनी दार उघडलं. "कोन नाय," म्हणत त्या वळल्या, तर मामा बूट चढवत होते.

"कुठे निघालात?"

"मीच बोलावलाय त्याला. लीग संपली म्हनून सांगून येतो."

काळोख पडल्यावर मैदानावरून परतले. चेहरा पार उतरलेला.

"ऐकलं त्याने?"

"नाय."

मामा आता ऐंशीच्या घरात आहेत. एकदा मी त्यांच्यासोबत मैदानावर गेलो होतो. दुसऱ्यांदा जायची माझी छाती नाही.

ते मात्र अजूनही दर रविवारी त्याला समजवायला जातात.