सातव्या खुणेचं लाकूड

"हेस्टर, पाय नीट पकड! घर पडायच्या आधी मीच पडेन!" विल्फ खांबाला माकडासारखा बिलगला होता.

"पडलास तर तुझा केक मी खाईन," हेस्टर म्हणाली.

"गप्प बसा दोघं! खूण दिसली का?" खालून मॉड ओरडली.

सुट्टीला मॉड आणि विल्फ इंग्लंडातल्या सफकमध्ये आजोबांच्या शेतघरी आले होते. हेस्टर शेजारच्या शेतावरची. यंदा खेळायला जागाच नव्हती, सगळीकडे खोकी बांधलेली. घर एका अंगाला कललंय, राहणं धोक्याचं आहे, शनिवारपर्यंत सही करून भाडेकरार सोडा, असं जमीनमालकाचे कारभारी मिस्टर ग्रिग्ज सांगून गेले होते.

"चारशे वर्षं उभं होतं आणि तीन वर्षांत कललं? असं कसं?" मॉडला पटत नव्हतं.

ओकचे खांब आणि तुळया जोडून बांधलेलं घर. सुतारांनी आधी सगळं आपल्या अंगणात जुळवून पाहिलं, दोन लाकडं जिथे भेटतात तिथे दोन्हींवर एकच आकडा कोरला, मग सुटं करून इथे आणून उभं केलं. हे आजोबांनीच मुलांना दाखवलं होतं.

"दिसली! सात!" विल्फ किंचाळला. "पण समोर लाकूडच नाही! नुसती रिकामी खोबण!"

सहाचा तिरका टेकू होता, आठचाही होता. सातचा गायब!

"तो होय," आजोबा चहा ओतत म्हणाले. "तीन वर्षांपूर्वी मी पाय मोडून हॉस्पिटलात होतो ना, तेव्हा ग्रिग्जने काढला. कीड लागली होती म्हणे. भला माणूस! मी त्याला टोपलीभर प्लम दिले."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. मॉडने खुणेवर कागद धरून पेन्सिल घासली. आकडा कागदावर उमटला. ग्रिग्जच्या शेकोटीवर जुन्या ओकचं लाकूड बसवलंय, हे हेस्टरने गावात ऐकलं होतं.

शुक्रवारी सकाळी जुन्या घरांची तपासणी करणाऱ्या मिस टॅलबट गावात आल्या होत्या. मुलांनी त्यांना गाठलं आणि थेट ग्रिग्जच्या नव्या बंगल्यात नेलं.

"सर, तुमची शेकोटी बघायची आहे! सगळा गाव नाव काढतो!" हेस्टरने साखर पेरली.

ग्रिग्ज फुलले. "या, या! वरचं लाकूड पाहा. अस्सल जुना ओक! असा आता मिळत नाही."

"कीड नाही लागली?" विल्फने भाबडेपणाने विचारलं.

"छे! लोखंडासारखा आहे!"

मॉडने लाकडाच्या टोकावरच्या खुणेशेजारी कागद धरला. सात आणि सात. आकड्याची तिरकी रेघसुद्धा तशीच!

"मिस्टर ग्रिग्ज," मिस टॅलबट शांतपणे म्हणाल्या, "घराचा टेकू काढलात, मग घर कललं म्हणून म्हाताऱ्याला बाहेर काढताय?"

ग्रिग्जचा चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला.

मुलं धावत सुटली. "आजोबा! जायचं नाही! काही जायचं नाही!"

आजोबा कोट घालून फाटकाशी उभे होते. "मी मालकाकडे सही करून आलो रे आत्ता. शेवटच्या दिवसापर्यंत लोकांना कशाला ताटकळत ठेवायचं?"

मागून मिस टॅलबट आल्या. "मला घर वाचवता येतं," त्या म्हणाल्या. "भाडेकरार नाही."

जमीनमालकाने ग्रिग्जना काढलं, पण सही ती सही. दुसरा भाडेकरू आधीच ठरला होता. पुढच्या आठवड्यात टेकू परत आला. खोबणीत असा बसला, जणू कधी गेलाच नव्हता. तो पक्का करणारी लाकडी खुंटी आजोबांनीच ठोकली. सुतारांनी टाळ्या वाजवल्या.

"मोठ्यांना जे दिसलं नाही ते तुम्ही पाहिलंत, शाबास!" मिस टॅलबट म्हणाल्या.

"शाबास!" आजोबाही म्हणाले. "आता आणखी चारशे वर्षं चिंता नाही."

विल्फने केकला हात लावला नाही.

आजोबांनी दाराला कुलूप लावलं आणि सवयीने किल्ली खिशात टाकली. मग किल्लीसाठी मॉडला हात पुढे करावा लागला.