मधला दिवा

पहिल्याच भेटीत मुलीनं मुलाच्या अंगावर हरीण टाकावं, हे काही बरं दिसत नाही. पण तिचा नाइलाज होता. एका हातानं छपराची कड आणि दुसऱ्या हातानं प्लायवूडचं हरीण धरून शिडीवर उभ्या माणसानं तोल सांभाळायचा तरी किती? हरणाचं शिंग पन्हळीत अडकलं, तिनं हिसका दिला, आणि हरीण सुटलं ते थेट कुंपणापलीकडे, रस्त्यानं निघालेल्या एका माणसाच्या मिठीत.

"तुमचं हरीण," तो खालून म्हणाला. "पळून चाललं होतं बहुतेक."

"अगं बाई... लागलं का हो?"

"कुणाला? मला की ह्याला?"

तिनं वाकून पाहिलं. कानांवर ओढलेली लोकरीची टोपी, खांद्याला हत्यारांची पिशवी, आणि हसू दाबायचा चाललेला एक फसलेला प्रयत्न. समोरच्या काकूंच्या माडीवर नवा भाडेकरू आलाय, लिफ्ट दुरुस्त करतो, एवढं तिच्या कानावर होतं. तो असा हसतो, हे मात्र काकूंनी सांगितलं नव्हतं.

"शिडी मी धरतो," तो म्हणाला. "लोकांना सुखरूप वर-खाली करणं हेच माझं काम आहे."

हा सगळा खटाटोप होता नाताळच्या रोषणाईचा. तिचे बाबा बसच्या कारखान्यात रंगारी होते. उरलासुरला रंग आणि प्लायवूडचे तुकडे घरी आणून त्यांनी वर्षानुवर्षं एक अख्खी दुनिया उभी केली होती. हरणं होती, आगगाडी होती, गालफुगे देवदूत होते आणि छपरावर एक भलामोठा तारा. नाताळात आजूबाजूच्या गल्ल्यांतली माणसं पोरांना खांद्यावर घेऊन त्यांच्या फाटकाशी गर्दी करायची. मग आई गेली. त्या वर्षी घर अंधारात राहिलं, आणि यंदा बाबांनी जाहीर केलं की सगळं भंगारात देऊन टाकतो.

ती भांडली. चष्म्याच्या दुकानात दिवसभर इवलेइवले स्क्रू बसवणारी मुलगी तशी शांत असते, पण त्या दिवशी तिनं घर डोक्यावर घेतलं. शेवटी बाबा म्हणाले, "नाताळच्या आदल्या संध्याकाळी सगळे दिवे लागले, तर सामान राहील. एक माळ जरी बंद राहिली, तरी भंगारवाल्याला बोलावणार. आणि माझ्याकडून मदतीची अपेक्षा नको."

एवढं बोलून ते खिडकीजवळच्या खुर्चीत जाऊन बसले. ते तिथेच बसून असायचे हल्ली. तिला धास्ती हरणांची नव्हतीच. हेही गेलं, तर त्या खुर्चीतून उठायला बाबांपाशी काही कारणच उरणार नाही, ह्या विचारानं तिचा जीव खालीवर व्हायचा.

हरणं उभी राहिली. दिव्यांनी मात्र दगा दिला. एकही माळ लागेना.

"फेकून द्या ह्या," लिफ्टवाला म्हणाला. शिडी धरायचं निमित्त करून तो आता रोज संध्याकाळी यायला लागला होता. "नव्या माळांत एक दिवा गेला तरी बाकीचे जळत राहतात."

"आमच्याकडे एक गेलं की सगळे अंधारात बसतात," ती म्हणाली, आणि आपण काय बोलून गेलो ते तिचं तिलाच कळलं. डोळे भरून आले, म्हणून ती उगाच एका देवदूताचे पंख पुसत बसली.

त्यानं पिशवी खाली ठेवली, हातांवर फुंकर मारली. "मग शोधू या," तो हळूच म्हणाला. "गेलेला दिवा म्हणतोय मी."

शोधायची ह्या घराची एक रीत होती. माळेच्या एका टोकाला बाबा, दुसऱ्या टोकाला आई, दोघांच्या हातात एकेक चांगला दिवा. जुना काढायचा, चांगला लावायचा, बटण दाबून पाहायचं, नाही लागलं तर पुढचा. घरातल्या बटणाशी असायची ती, लहानपणी, काचेला नाक टेकवून. आईबाबा एकमेकांकडे सरकत यायचे आणि गंमत म्हणजे गेलेला दिवा बहुतेक मधलाच निघायचा. आईनं नियमही केला होता: ज्याला तो सापडेल त्यानं एक गोष्ट मागायची, आणि दुसऱ्यानं नाही म्हणायचं नाही.

"नियम झकास आहे," लिफ्टवाला म्हणाला. "मान्य."

"तुम्हाला कुणी विचारलंय?"

"नियम म्हणजे नियम."

ते दोन टोकांना बसले. पण बटण खिडकीशी, घरात. दर दिव्याला तो आत धावायचा आणि बाहेर यायचा. शेवटी बाबाच खेकसले, "अहो, किती वेळा दार उघडताय? सगळी थंडी घरात घेतलीत. बसा तिकडे. बटण दाबतो मी."

तिनं चमकून खिडकीकडे पाहिलं. बाबांनी खुर्ची बटणाकडे सरकवली होती.

"बंद," तिनं खिडकीकडे हाक दिली. खट्. दिवा बदलला. "चालू..." खट्. अंधार. मग पुढचा. बोटं गारठून गेली, नाक लाल झालं. आणि एकदम तिच्या मांडीवर उजेड सांडला.

"सापडला," तो दुसऱ्या टोकावरून म्हणाला. "मागू?"

"...मागा."

"हे 'मागा', 'करा', 'बसा' बंद. मला 'तू' म्हणायचं."

ती मग खूप वेळानं, माळ गुंडाळता गुंडाळता, "धर की नीट," एवढंच म्हणाली. त्याचा चेहरा असा उजळला की माळ लावायची गरजच नव्हती.

पुढच्या माळेचा दिवा तिला सापडला. तिनं मागितलं, "तू दुरुस्त करतोस त्यातल्या सगळ्यात उंच इमारतीवर ने मला." सुट्टीच्या संध्याकाळी तो तिला लिफ्टनं अगदी वरच्या मजल्यावर घेऊन गेला. गच्चीवर वारा झोंबत होता. खाली गावभर दिवे लागत होते. ती डोळे बारीक करून शोधत राहिली.

"आमचं घर दिसत नाहीये."

"दिवे लागू देत," तो म्हणाला. "मग मी कुठल्याही इमारतीवर असलो तरी मला दिसेल." जरा थांबून म्हणाला, "मी आधी तिकडेच बघणार आहे... रोज."

तिचे केस वाऱ्यानं त्याच्या टोपीत अडकले, ते सोडवायला दोघांनाही मुळीच घाई नव्हती.

एकेक करत सगळ्या माळा लागल्या. खिडकीतून सूचनाही यायला लागल्या होत्या. "आगगाडी फाटकाकडे तोंड करून असते!" "त्या देवदूताला उलटा टांगलाय!" मदत करायची नाही म्हणणाऱ्या माणसाचं तोंड काही केल्या बंद होत नव्हतं, आणि तिला ते फार गोड वाटत होतं.

नाताळच्या आदल्या संध्याकाळी फाटकाशी माणसं जमली. समोरच्या काकू शाल लपेटून पुढेच उभ्या. तिनं खिडकीकडे पाहून हात वर केला. खट्. हरणं उजळली, आगगाडी उजळली, देवदूतांचे गाल उजळले.

छपरावरचा तारा काळाच राहिला.

सकाळी तर लागला होता! ताऱ्याला जोडलेली लांबलचक माळ खाली उतरून ओसरीच्या कठड्यावरून गेलेली, खालचे दिवे हाताशी. तिनं एक टोक धरलं, त्यानं दुसरं. "बंद." खट्. "चालू." खट्. दिव्यामागून दिवा, नुसता अंधार. ती आता भराभर दिवे बदलायला लागली होती.

"घाबरू नकोस," तो पलीकडून म्हणाला. "मी येतोय ना तुझ्याकडे."

मधे एकच दिवा उरला. दोघांचे हात एकदमच त्यावर पडले, आणि दिवा बोटांखाली गरकन फिरला. गेलेला नव्हताच. कुणीतरी सैल करून ठेवला होता.

"तू केलंस ना हे?" तिनं दबक्या आवाजात विचारलं. डोळ्यांत राग होता, पाणी होतं, आणि आणखीही काहीतरी होतं.

"आईशपथ नाही. सुचायला हवं होतं, पण नाही सुचलं."

तिनं खिडकीकडे पाहिलं. खुर्ची रिकामी होती. बाबा बटणाशी उभे होते, चक्क उभे, पायांत बाहेरचे बूट, बुटांना अंगणातली ओली माती.

"बाबा... मधलाच दिवा दरवर्षी कसा हो जायचा?"

"तुझी आईही हेच विचारायची," बाबा म्हणाले. "तिला कधी कळू दिलं नाही मी." मग घसा खाकरून, "की कळलं होतं तिला, कोण जाणे."

ती रडत रडतच हसली. त्या एका दिव्यावर दोघांची बोटं अजून तशीच होती.

"सापडला दोघांना," लिफ्टवाला म्हणाला. "आता मागायचं कुणी?"

"तू माग आधी."

"दरवर्षी... ह्या माळेचं दुसरं टोक मला हवं. दुसऱ्या कुणाला द्यायचं नाही."

"नाही म्हणता येत नाही," ती म्हणाली. "नियम आहे." मग मान वर करून तिनं सरळ त्याच्याकडे पाहिलं. "आणि नियम नसता, तरी हो म्हटलं असतं. मला आवडतोस तू. हरीण अंगावर पडलं तेव्हापासून."

"मग तू काय मागतेस?"

"टोपी काढ. तुझा चेहरा अख्खा बघितलाच नाही मी अजून."

त्यानं टोपी काढली. केस पिंजारलेले होते, कान लालबुंद झाले होते. तिनं दिवा घट्ट पिळला, पण त्याचा हात काही सोडला नाही.

"मागून झालं असेल तर दाबू का बटण?" खिडकीतून बाबा म्हणाले. "लोक थंडीत उभे आहेत."