कापलेला तुकडा

मूकपटांच्या त्या काळात नट कॅमेऱ्यासमोर काय बोलतात याच्याशी कुणाला कर्तव्य नव्हतं. ओठ हलले म्हणजे झालं. नायिकेच्या पायाशी बसून, डोळ्यांत पाणी आणून नायक म्हणायचा, "आज फार उकडतंय, त्यात हा बूट चावतोय," आणि पडद्यावर पाटी यायची : 'तुझ्यावाचून मी जगू शकत नाही.' ही पाटी लिहायची स्टुडिओतली लेखिका. गोष्ट तिची, प्रसंग तिचे. पण सगळे तिला नुसतं पाटीबाई म्हणत आणि लेखक म्हणून नाव झळके ते मालकांचं. राबायचं एकानं आणि मिरवायचं दुसऱ्यानं, दुसरं काय!

या खेपेला मात्र तिनं मालकांना गाठून विचारलं होतं. ते हसून म्हणाले, "येईल की तुमचं नाव. शब्द देतो." तेव्हापासून तिच्या मनात पाल चुकचुकत होती. एवढा चिकट माणूस इतक्या सहज हो म्हणतो, म्हणजे नक्कीच कुठंतरी पाणी मुरतंय.

एका दुपारी ती संकलकाच्या खोलीत पाट्या लिहायला बसली. खिडकीला काळं कापड, फिल्मचा आंबूस वास, हातानं फिरवायच्या यंत्राची किरकिर. तिची आई ठार बहिरी, समोरच्याचे ओठ वाचूनच बोलणं समजून घ्यायची; तिचं बघून हीसुद्धा लहानपणीच ओठ वाचायला शिकली होती. नटांची बडबड वाचताना तिची छान करमणूक व्हायची. कोर्टाचा प्रसंग सुरू झाला. वकील आवेशानं हातवारे करत भाजीचे भाव सांगत होता. त्याच्यामागे खचाखच भरलेल्या बाकावर सगळ्यांच्या नजरा वकिलावर होत्या. एकच बाई सरळ समोर बघत होती.

तिचे ओठ हलले. 'तुझं नाव येणार नाही.'

पाटीबाईची पेन्सिल थांबली. "जरा मागे घ्या."

यंत्र उलटं फिरलं. पुन्हा तेच.

"ही कोण?"

"कोण... कुठं?" संकलक म्हणाला. पण त्यानं चित्राकडे पाहिलंच नाही.

सगळे मिळून आपली थट्टा करताहेत, असंच तिला आधी वाटलं. पण आपण ओठ वाचतो हे तिनं इथं कुणालाच सांगितलं नव्हतं. आणि हा प्रसंग चित्रित झाला तेव्हा तिनं नावाचा विषय काढलाही नव्हता.

"खरं सांगा. तुम्ही तिला ओळखता."

संकलकानं दार लोटून घेतलं. "तुमच्या आधी त्या लिहायच्या. त्यांनीही नाव मागितलं... मालकांनी शब्द दिला. मग एक दिवस त्या आल्याच नाहीत." त्याचा आवाज आणखी खाली गेला. "तेव्हापासून दर चित्रात येतात, बाई. मी दर वेळी कापतो. मालकांचा हुकूम आहे."

तिच्या अंगावर सरसरून काटा आला. तरी ती म्हणाली, "या वेळी कापू नका. माझं नाव नाही आलं, तर निदान ती तरी दिसू दे लोकांना."

घरी आईनं समजूत घातली. "नावाचं एवढं काय घेऊन बसलीस? पगार मिळतोय ना?"

"आई, उद्या मी नसले, तर मी होते हे कळायचं कसं कुणाला?"

आईनं तिच्या ओठांवरून शब्द वाचले. मग उठून चुलीकडे गेली.

पहिल्या खेळाला दोघी शेजारी बसल्या. दिवे गेले. पडद्यावर 'कथा' अशी अक्षरं उमटली आणि खाली नाव आलं. मालकांचंच. टाळ्यांचा कडकडाट झाला. तिला रागानं ओरडावंसं वाटलं.

मग कोर्ट आलं. संकलकानं तिचं ऐकलं होतं, तो तुकडा कापला नव्हता. पुढच्या रांगेत मालक ताडकन ताठ बसले. बाकावरची बाई समोरच बघत होती, पण आज तिचे ओठ मिटलेले होते. ती जराशी सरकली आणि तिच्या शेजारी एक जागा मोकळी झाली.

लेखिकेनं घाबरून मान खाली घातली. पुटपुटली, "आई... चल ना, घरी जाऊ."

आई बहिरी, आपला आवाज किती चढतो ते तिला कळत नसे. ती मोठ्यानं म्हणाली, "थांब गं, खेळ संपला की जाऊ घरी."

पण आईनं मान वळवली नव्हती. पडद्यावरच्या बाकाकडे, त्या मोकळ्या झालेल्या जागेकडे बघूनच ती उत्तर देत होती.