एक शब्द खोडायचा न्हाई

आखाडा बाळापूरच्या बाजारात माझ्या शेळ्या बांधायच्या जागेवर एक पिवळी छत्री उभी होती, अन् छत्रीखाली एक माणूस.

"ओ सिमवाले, छत्री उचला. ही जागा आमची हाय."

त्यांनी वर पाहिलं. कानामागं केस पिकलेले, डोळे मात्र पोरसवदा. भांडायचं सोडून हसले. "शेळ्याइला बी सिम देऊ का, बाई? नेट फुकट हाय."

"फुकट? मंग माझं पान उघडून दाखवा."

माझा माणूस गेला तेव्हा पोरगा मुंजाजी रांगत होता. तेव्हापासून कळप, घर, सोयरीक, सगळं माझ्या शब्दावर चालतं. शाळा मी दुसरीपर्यंतच पाहिली. पण सून साधना शिकलेली. तिनं इंटरनेटवर आमच्या शेळ्यांचं पान काढलं. त्यावर फोटो, वजन, माझा नंबर. वाशिम-नांदेडचं गिऱ्हाईक ते पाहून थेट गोठ्यावर यायचं. दलालाचं तोंड बघायची गरज राहिली नव्हती.

शिवहाररावांनी... हो, सिमवाल्याचं तेच नाव, कुरुंद्याचे, घरात एकटेच... बोट फिरवलं. पान उघडेना.

"कंपनीनं निवडलेलं तेवढंच ह्यात फुकट उघडतं," ते हळूच म्हणाले. "बाकीच्याला पैसे पडतात."

"म्हणजे बाजार सगळ्याइचा, अन् तोंडाशी तुमचा माणूस उभा? ह्याला सोड, तिला आडव?"

ते गप्प झाले. गप्प बसणारे पुरुष मला आवडत नाहीत. पण हे गप्प बसून ऐकत होते — ते वेगळं.

थंडी पडली तशी गिऱ्हाईकांचे फोन आटले. ज्याच्या-त्याच्या हातात तेच फुकटचं सिम. दलाल पुन्हा दारात, अन् भाव त्याचाच. असंच चाललं तर कळप मोडावा लागणार होता.

दर बाजारी मी शिवहाररावांशी भांडायला जायचे.

"आत्याबाई," साधना म्हणाली, "भांडायला जाताना नवं लुगडं काहून?"

तिला मी चुलीकडं पिटाळलं.

एका बाजारी त्यांनीच हाक मारली. फोन कंपन्यांना नियम घालून देणारं दिल्लीचं सरकारी ऑफिस, ट्राय, लोकांचं मत मागत होतं. एका साइटला एक दर अन् दुसरीला दुसरा, हे चालू द्यायचं का? कंपनीनं विकणाऱ्यांना तयार मजकूर दिला होता, 'योजना चांगली आहे' म्हणून. गिऱ्हाईकांकडून तोच धाडून घ्यायचा.

"तुमचं बी धाडू?" डोळे खाली.

"धाडा. पण माझ्या शब्दात. मी बोलते, तुमी लिवा. अन् एक शब्द खोडायचा न्हाई!"

"तुमाला ईमेल न्हाई... माझ्या नावावरून जाईल."

"भ्याले का?"

त्यांनी छत्री माझ्या बाजूला कलती केली अन् अंगठे फोनवर ठेवले.

मी बोलत गेले. "नेट घेतलं का सगळं उघडलं पाहिजे. कंपनीनं टावर उभा करावा, मी काय बघावं ते सांगू नये. माझं पान लहान हाय म्हणून त्याला बाजाराबाहेर बांधू नका..."

अंगठे थांबले होते. ते माझ्याकडं बघत होते.

"असं बघू नका, शिवहारराव... मला सुधरत न्हाई. तुमी जवळ असले की माझं भांडण पातळ व्हतं."

त्यांनी मान खाली घातली, पुन्हा टाइप केलं, धाडून दिलं.

पुढं ट्रायनं लोकांची मतं जशीच्या तशी इंटरनेटवर ठेवली. साधनानं माझं हुडकलं, अन् तोंडात पदर कोंबून हसत सुटली. तळाशी 'असं बघू नका, शिवहारराव' हेही होतं — अख्खं! वर शिवहाररावांचं नाव. गावभर फोन फिरले. मुंजाजी माझ्याशी बोलेना. कंपनीनंही वाचलं असावं... पुढच्या बाजारी पिवळी छत्री नव्हती.

फेब्रुवारीत निकाल आला. साइट कुणाचीही असो, दर एकच. फुकटचा तो पॅक बंद झाला, माझा फोन वाजायला लागला, अन् दलालाला मी चहाही न विचारता वाटेला लावलं. कळप वाचला. पण बाजारात माझं मन लागेना... भांडावं तरी कोणाशी?

मी कुरुंद्याची एसटी धरली.

मळ्यात हळद शिजत होती. वाफेत ते उभे, डोक्याला रुमाल बांधलेला.

"माझ्यापायी काम गेलं तुमचं."

"धाडलं तर मी."

"ते शेवटचं मी तुमाला म्हणले व्हते, दिल्लीला न्हाई. एवढं कळत न्हाई?"

"कळत व्हतं."

"मंग काहून धाडलं?"

वाफेनं चेहरा झाकला होता. नुसता आवाज आला. "तुमी म्हणल्या, एक शब्द खोडायचा न्हाई. अन्... खोडवंना. मला तसं कोणी म्हणलंच नव्हतं कधी."

तशीच वाफेत शिरले. मी त्यांचा पिवळाधमक हात धरला, अन् सोडला नाही.

दिवस मावळायला आम्ही दोघं माझ्या अंगणात उभे होतो.

"मुंजाजी, पाहुण्याइला सांगावा धाड. शिवहाररावांसंगं पाट लावणार हाय मी." आमच्यात विधवेचं दुसरं लग्न पाट लावूनच होतं, त्यात चोरी कसली?

पोरगं कावरंबावरं झालं. "आई... लोक काय म्हणतील?"

"लोकाइनं वाचलंय कवाच. तू जेवणात काय करायचं ते बोल."